विनंती ऐसी जे

आयुष्यातला पहिला नोकरीचा अर्ज मी लिहिला तेव्हा त्याखाली ‘आपला आज्ञाधारक, अ. ब. क.’ अशी सही केली होती. मराठी शाळेत शिकलेल्या वाचकांना हे कोडे उलगडून सांगायला नको. परीक्षेत अर्जलेखनाचा प्रश्न असायचा. उत्तरपत्रिकेत स्वतःचे नाव फुटू नये म्हणून खाली अ. ब. क. लिहावे, असे आम्हांला बजावलेले असे. तो नमुन्याचा अर्ज मी इतका घोटला होता की, शाळा खरी, जागा खरी, पाकिटावरचे तिकीट खरे, तरी हाताने सवयीने अ. ब. क. लिहून टाकले. पाकिटाच्या पाठीवर नाव-पत्ता होता म्हणून बोलावणे तरी आले. मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला, अर्ज माझ्यासमोर धरला आणि शांतपणे विचारले, “अ. ब. क. ते आपणच का?” मी “होय” म्हणालो. ती नोकरी मला मिळाली नाही.

पुढे दुसऱ्या एका शाळेने चित्रकला शिकवायला ठेवून घेतले, त्याला आता वीस वर्षे होत आली. मी मॅट्रिकचा माणूस, म्हणजे हल्लीच्या भाषेत दहावी. वर चित्रकलेची पदविका तेवढी. सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. पण गावात माझी खरी ख्याती कादंबरीकार म्हणून नाही, अर्ज लिहून देणारा म्हणून आहे. विहिरीच्या अनुदानापासून विजेच्या जोडणीपर्यंत कसलाही अर्ज असो, माणूस माझ्या ओसरीवर येतो. अ. ब. क.ची हकिकत गावाला ठाऊक नाही. या अंकामुळे आता होईल.

यंदा श्रावणात माझी एक जुनी विद्यार्थिनी अशीच आली. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम तिने पुरा केला आहे. जिल्ह्याच्या गावी एका बांधकाम कंपनीत नकाशे काढणाऱ्याची जागा निघाली होती. तिने चार पानी बायोडाटा माझ्यापुढे ठेवला. वर गणपती, चारी बाजूंनी वेलबुट्टीची चौकट. मी वाचू लागलो. नाव, जन्मवेळ, रास, उंची, वर्ण गोरा, कुलदैवत, मामाचे गाव. तिसऱ्या पानावर छंद : वाचन, संगीत, प्रवास. नकाशा हा शब्द चौथ्या पानावर एकदा.

“हे काय ग?” मी विचारले.

ती ओशाळली. “सर, कॉम्प्युटरवाल्याकडे माझा लग्नाचा बायोडाटा होता. त्यातच त्यानं शिक्षण वाढवून दिलं. वेगळ्याचे जास्त पैसे मागत होता.”

मी हसलो, पण ती हसली नाही. “नोकरी लागली तर बाबा दोन वर्षं थांबायला तयार आहेत. नाहीतर तुळशीचं लग्न झालं की पाहुणे यायचेत.”

आता यात हसण्यासारखे काही उरले नव्हते. कागद ठेवून जा, म्हणालो. अर्ज कसा लिहावा हे शिकवणारी पुस्तके बाजारात ढिगाने मिळतात, पण त्यांच्यावर माझा विश्वास नाही. त्यांनीच माझे अ. ब. क. केले. त्या रात्री मी इतिहासातले दोन अर्ज पुन्हा वाचायला काढले. दोघेही अर्जदार असे की, पुढे त्यांची नावे जगाने डोक्यावर घेतली. पण अर्ज लिहिताना ते आपल्या-तुपल्यासारखेच पोटाच्या काळजीत होते.

त्याआधी एका शब्दाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोकरी मागणाऱ्याला आपण उमेदवार म्हणतो. फारसीत उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला माणूस. पूर्वी कचेऱ्यांतून अशी मंडळी बिनपगारी काम करीत, दप्तर लावीत, नकला करीत, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहत. त्यालाच उमेदवारी करणे म्हणत. इंग्रजांच्या भाषेत अर्जदार हा पात्रतेचा दावा सांगणारा असेल. आपल्या भाषेत तो आशेवर असतो. मला आपला शब्द अधिक खरा वाटतो. असो.

पहिला अर्ज लिओनार्दो दा विंचीचा. मिलान शहरात आंब्रोझियन ग्रंथालय आहे. तिथे लिओनार्दोच्या कागदांचा ‘कोडेक्स अटलांटिकस’ नावाचा प्रचंड संग्रह जपून ठेवला आहे. त्यात या अर्जाचा मसुदा सापडतो. त्यावर तारीख नाही, पण तो १४८२च्या आसपासचा मानतात. अक्षरही लिओनार्दोचे नाही. हा डावखुरा गृहस्थ आपल्या वह्यांत उजवीकडून डावीकडे, आरशात पाहावे तसे उलटे लिही. अर्ज मात्र कोणाकडून तरी सरळ अक्षरात लिहवून घेतलेला दिसतो. ही गोष्ट क्षुल्लक मानू नये. वाचणाऱ्याला आरसा घेऊन बसायला लावणारा अर्ज कोण वाचतो?

लिओनार्दोचे वय तेव्हा तिशीचे. जन्म १४५२चा, तोही विवाहबाह्य. लॅटिन आणि पदवीचे शिक्षण नाही. फ्लॉरेन्समध्ये वेरोक्किओच्या कारखान्यात चित्रकला आणि शिल्पकला शिकलेला. मठासाठी घेतलेले एक मोठे चित्र अर्धवट सोडून तो मिलानकडे निघाला होता. तिथे लुदोविको स्फोर्झा पुतण्याच्या नावाने राज्य चालवीत होता. त्याच सुमारास, १४८२ साली, फेरारा आणि व्हेनिस यांच्यात युद्ध पेटले होते आणि मिलान फेराराच्या बाजूला होते. म्हणजे ज्याच्या दारी अर्ज जायचा, त्याच्या डोक्यात त्या वेळी तोफा होत्या.

आता पाहा या चित्रकाराने काय लिहिले. आरंभीच तो म्हणतो की, युद्धाची यंत्रे बनवणारे म्हणून मिरवणाऱ्यांची कामे मी नीट पाहिली आहेत, आणि त्यांत नेहमीपेक्षा वेगळे काही नाही. म्हणून कोणाची निंदा न करता माझी गुपिते आपल्यापुढे ठेवतो. मग आकडे घालून कलमे. उचलून नेता येतील असे हलके पूल. वेढ्याच्या वेळी खंदकातले पाणी काढून टाकण्याची युक्ती. खडकावर बांधलेला किल्लाही पाडण्याचे उपाय. दगडांचा वर्षाव करणाऱ्या तोफा. आवाज न करता नदीखालून खणायची भुयारे. शत्रूच्या गर्दीत शिरणारे झाकलेले रथ. जहाजांवरच्या लढाईची साधने. अशी नऊ कलमे निव्वळ युद्धाची. दहाव्यात शांततेच्या काळचे काम, म्हणजे इमारती बांधणे आणि पाणी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे. आणि त्यानंतर, जाता जाता सांगावे तसे, संगमरवर, कांसे आणि माती यांची शिल्पे मी करू शकतो, आणि चित्र काढण्यात कोणाहूनही उणा ठरणार नाही!

ज्याने पुढे ‘मोनालिसा’ काढली, त्याच्या अर्जात चित्रकला अगदी शेवटी. चित्रकलेचा शिक्षक म्हणून मला हे प्रथम वाचले तेव्हा वाईट वाटले होते. आता वाटत नाही. त्याने आपल्या कलेचा अपमान केला नाही. वाचणाऱ्याची गरज आधी मांडली. शिवाय या अर्जात वडिलांचे नाव, वय, गुरूचे नाव, मागच्या कामांची यादी यांपैकी काही नाही. मी काय होतो हे एका शब्दाने नाही. तुमच्यासाठी काय करीन, एवढेच. वासारी हा त्याचा जुना चरित्रकार सांगतो की, तो मिलानला गेला तेव्हा घोड्याच्या कवटीच्या आकाराचे चांदीचे वाद्य बरोबर घेऊन गेला आणि ते उत्तम वाजवी. अर्जात त्या वाद्याचा उल्लेखही नाही. आमच्या बायोडाट्यातले ‘छंद : संगीत’ मला इथे आठवले.

अर्जाच्या शेवटाकडे दोन गोष्टी आहेत. एक, लुदोविकोच्या दिवंगत पित्याचे स्मारक म्हणून कांशाचा घोडा ओतून देईन, हे वचन. घरच्या माणसाचे नाव काढले की कोणाचेही मन मऊ होते, हे या गृहस्थाला ठाऊक होते. दुसरी, यातले काही अशक्य वाटले तर आपल्या बागेत किंवा म्हणाल तिथे प्रयोग करून दाखवतो, ही तयारी. प्रयोगाची ही तयारी नसती तर बाकीचा अर्ज मी थापेबाजी म्हणून बाजूला ठेवला असता. कारण खरे सांगायचे तर तोफा ओतण्याचा आणि किल्ले पाडण्याचा त्याला अनुभव नव्हता. त्याच्या वह्यांत यंत्रांची चित्रे होती आणि डोक्यात ती चालत होती, एवढेच.

पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. मिलानमध्ये त्याला मिळालेले पहिले मोठे काम, ज्याचा करार आज उपलब्ध आहे, ते १४८३ सालचे. आणि ते ना पुलाचे ना तोफेचे. एका धार्मिक मंडळाच्या वेदीसाठी चित्र काढण्याचे! अर्जात सर्वांत शेवटी लिहिलेली विद्या सर्वांत आधी कामाला आली. घोड्याचेही काम पुढे मिळाले. सुमारे चोवीस फूट उंचीची मातीची प्रतिकृती १४९३ साली लोकांनी पाहिली. पण १४९४मध्ये फ्रेंचांचे सैन्य इटलीत उतरले आणि घोड्यासाठी साठवलेले सुमारे ७० टन कांसे लुदोविकोने तोफा ओतायला आपल्या सासऱ्याकडे, फेराराला, पाठवून दिले. अर्जाच्या पहिल्या नऊ कलमांनी त्यातले शेवटचे वचन असे गिळले. १४९९ साली फ्रेंच तिरंदाजांनी त्या मातीच्या घोड्यावर नेमबाजी केली. मिलानमध्ये आज पाहायला मिळते ते मठाच्या भोजनगृहातल्या भिंतीवरचे ‘शेवटचे भोजन’, ते लुदोविकोच्याच आज्ञेने काढलेले.

दुसरा अर्जदार आपल्या जवळचा, मद्रासचा. श्रीनिवास रामानुजन याच्याविषयी मला जरा अधिकच आपुलकी आहे, कारण तोही मॅट्रिकच. १९०३च्या अखेरीस तो कुंभकोणमहून मॅट्रिक झाला, शिष्यवृत्ती मिळवून कॉलेजात गेला, आणि गणिताच्या नादात इतर विषयांत नापास होऊन शिष्यवृत्ती गमावून बसला. पुढे मद्रासच्या कॉलेजातही एफ. ए.ची परीक्षा त्याला पार करता आली नाही. १९०९ साली लग्न झाले. मग हातात वह्या घेऊन नोकरी शोधत हिंडणे आले. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर डेप्युटी कलेक्टर होते. त्यांच्याकडे त्याने महसूल खात्यात कारकुनी मागितली. त्यांनी वह्या चाळल्या आणि या माणसाला कारकून करून त्याची बुद्धी मारायची नाही, असे ठरवून मद्रासच्या गणितज्ञांकडे पाठवले. हेतू चांगला होता, पण त्या क्षणी रामानुजनला कारकुनीच हवी होती, हे विसरून चालणार नाही. पुढे नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ महिन्याला २५ रुपये दिले. तेही घेत राहणे त्याला बरे वाटेना.

९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्याने मद्रास पोर्ट ट्रस्टला अर्ज केला. सारा अर्ज सात-आठ ओळींचा. आपल्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी असल्याचे कळते. मी मॅट्रिक आहे, एफ. ए.पर्यंत शिकलो, पण अडचणींमुळे पुढे शिकता आले नाही. मधला सारा वेळ गणिताला दिला. काम नीट करीन असा भरवसा आहे. तरी नेमणूक व्हावी. संपले. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र. वर्षभरापूर्वीच, १९११मध्ये, त्याचा पहिला शोधनिबंध छापून आला होता. अर्जात त्याचे नावही नाही. पोर्ट ट्रस्टला गोदीच्या जमाखर्चाचा माणूस हवा होता, बर्नोलीच्या संख्या नको होत्या. शिक्षण अर्धवट राहिल्याचा भाग त्याने लपवला नाही आणि त्यावर रडतही बसला नाही. अर्ध्या वाक्यात सांगून पुढे गेला. १ मार्चपासून तो ३० रुपयांवर कारकून झाला. तिथले मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर स्वतः गणिती होते आणि वरचे साहेब सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनाही या कारकुनाविषयी कुतूहल वाटले. हे भाग्य खरे. पण आधी टेबलापर्यंत पोचवले त्या सात-आठ ओळींनी.

याच माणसाचे दुसरे पत्र ११ महिन्यांनंतरचे. १६ जानेवारी १९१३, केंब्रिजच्या हार्डींना. त्याआधी तिथल्याच दोन नामवंत प्राध्यापकांना त्याने लिहून पाहिले होते, आणि त्यांच्याकडून काही हाती लागले नव्हते. हार्डींच्या पत्रात तो पहिल्याच वाक्यात आपली कारकुनी सांगतो : पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातला कारकून, वर्षाला अवघे २० पौंड पगार. विद्यापीठाचे शिक्षण नाही, शाळेचे तेवढे झाले, हेही तिथेच. आणि लगेच हार्डींच्याच एका पुस्तिकेतले पान ३६ काढतो. एका संख्येपर्यंत मूळ संख्या किती, याचे निश्चित सूत्र अजून सापडलेले नाही असे तुम्ही म्हटले आहे. मी तसे एक शोधले आहे. वाचकहो, सातासमुद्रांपलीकडच्या अनोळखी माणसाचे लक्ष वेधून घ्यायला याहून चांगली ओळ मला सुचत नाही. मी तुमचे लेखन पानापर्यंत वाचले आहे, आणि तुमचा अडलेला गाडा तिथून पुढे ढकलू शकतो, असा तिचा अर्थ. (ते सूत्र पुढे सदोष ठरले, ही गोष्ट निराळी.) मग पाने भरून प्रमेये. सिद्धता नाहीत, नुसती प्रमेये. शेवटी, मी गरीब आहे, यात काही मोलाचे वाटले तर ते छापून यावे, एवढी इच्छा.

हार्डींना प्रथम ही लबाडी वाटली. संध्याकाळी त्यांनी मित्र लिटलवुड यांना बोलावले, दोघांनी रात्री उशिरापर्यंत ती पाने तपासली, आणि हा माणूस अस्सल आहे असे ठरवूनच ते उठले. हार्डींनी सिद्धता मागवल्या. २७ फेब्रुवारीच्या उत्तरात रामानुजनने जे लिहिले ते वाचताना माझ्यासारख्याच्या घशात आवंढा येतो. मी अर्धपोटी माणूस आहे, डोके शाबूत ठेवायला मला आधी अन्न हवे, आणि तुमच्याकडून सहानुभूतीचे पत्र आले तर त्याच्या जोरावर इथे मला शिष्यवृत्ती मिळू शकेल, असा त्याचा आशय. काय हवे, कोणाकडून हवे, कशासाठी हवे, सगळे उघड. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने, पदवी नसतानाही, त्याला दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १७ मार्च १९१४ला तो बोटीत बसला. १९१८ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि २६ एप्रिल १९२० रोजी, बत्तिसाव्या वर्षी, गेला.

या पत्रात एक गंमत आहे. आपले वय सुमारे २३ असे तो लिहितो. जन्म १८८७च्या डिसेंबरचा, म्हणजे तेव्हा त्याला पंचविसावे पुरे झाले होते. आपल्याकडच्या एखाद्या कचेरीत एवढ्यावरूनच अर्ज परत आला असता. शतकातला मोठा गणिती, दाखल्याशी वय जुळत नाही!

दुसऱ्या दिवशी मी पोरीला बोलावले आणि आधी विचारले, “आयटीआय झाल्यापासून दीड वर्ष काय केलंस?” म्हणाली, काही नाही. खोदून विचारले तेव्हा कळले की, गावातल्या गवंड्याबरोबर मापे घ्यायला जात होती. अकरा घरांचे नकाशे काढले. एका घरात जिन्याच्या पायऱ्या कागदावर बसल्या पण जागेवर बसेनात; तिने पुन्हा मोजले तेव्हा भिंतच काटकोनात नाही हे ध्यानात आले आणि पाया ओतण्याआधी ती हलवली. “यातलं एक अक्षर इथं का नाही?” मी विचारले. “त्याचं सर्टिफिकेट नाही, सर.”

मग मी लेखणी घेतली. कादंबरीकाराच्या हातात लेखणी आली की काय होते ते आपण जाणताच. शिवाय आदल्या रात्रीचा लिओनार्दो अंगात होता. ‘आधुनिक बांधकाम-आराखड्यांच्या सर्व शाखांत निष्णात’ असे पहिले वाक्य मी झोकात लिहिले. तिने वाचले, पेन मागून घेतले आणि ते खोडले. “सर, मला सगळ्या शाखा येत नाहीत. पुलाचं मला काहीच येत नाही. उद्या त्यांनी बसवून काढायला लावलं तर?”

शेवटी अर्ज तिनेच लिहिला. एक पान. रास गेली, वर्ण गेला, मामाचे गाव गेले. वेलबुट्टी गेली तेव्हा तिला जरा हळहळ वाटली. अकरा घरे वर आली, जिन्याची हकिकत दोन ओळींत आली, आयटीआयचे गुण खाली गेले. जाहिरात पुन्हा वाचून तिने एक गोष्ट स्वतः शोधली, ती माझ्या ध्यानात आली नव्हती : कंपनीचे काम लहान घरांच्या वसाहतींचे होते. म्हणून जोडायच्या तीन नकाशांत तिने मोठा बंगला ठेवला नाही. दोन खोल्यांचे घरकुल सर्वांत वर ठेवले. मी फक्त जन्मतारीख दाखल्याशी ताडून पाहिली, आणि सही पाहिली. तिचे पूर्ण नाव होते.

हा मजकूर छापायला देईपर्यंत कंपनीचे उत्तर आलेले नाही. परवा तिचे वडील पोस्टाजवळ भेटले. रोज पोस्टमनला ते स्वतःच विचारतात, असे पोस्टमन म्हणाला. मला पाहून ते सायकलवरून उतरले आणि जरा वेळाने म्हणाले, “मास्तर, पाहुण्यांना कार्तिकातलं मार्गशीर्षात या म्हणून कळवलंय.”